वकिलाने 'सॉलिसिट' करू नये, याला मराठीत काय म्हणायचं?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 चं सोपं मराठी करतेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. वकिलाने काम सॉलिसिट करायचं नाही आणि जाहिरातही करायची नाही असं दोन्ही वेगवेगळं म्हटलंय. शब्दकोशात याचना, विनवणी मिळतं पण ते बसत नाही हो. कोर्टात वावरणाऱ्यांनी सांगा प्लीज.

---

ताई, याचना नकोच. याचनेत मागणारा लाचार वाटतो आणि इथे तर उलट आहे, अडचणीत सापडलेला माणूस समोर असतो आणि वकील त्याला गाठतो. आमच्या तालुका कोर्टात "पक्षकार गाठला" म्हणतात, दुसऱ्याचा घेतला तर "पळवला". मला 'गाठणे' हाच नेमका वाटतो.

'सॉलिसिट' या शब्दावरून 1975 साली सुप्रीम कोर्टात निकाल झालाय, दाभोळकर केस म्हणून आजही शिकवतात. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे, आत येणाऱ्याच्या अंगावर धावून जायचे, हातातले कागद ओढायचे आणि त्यावरून आपसात हाणामाऱ्या. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, पण दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने सोडलं, का तर म्हणे काम मागितलं, ठरावीक माणसाकडे मागितलं आणि ठरावीक केससाठी मागितलं, हे तिन्ही सिद्ध झालं तरच सॉलिसिट. सुप्रीम कोर्टाने हा अर्थ साफ फेटाळला, वकिली हा व्यापार नाही आणि ब्रीफ (वकिलाकडे येणारी केस) म्हणजे माल नाही असं न्या. कृष्णा अय्यर यांनी लिहिलं. म्हणून तर आम्ही पक्षकाराला गिऱ्हाईक म्हणत नाही, अशील म्हणतो, आणि हा फरक जपायलाच हवा.

---

खूप आभार दादा, हे माहीतच नव्हतं. 'गाठणे' घेते. अजून एक, कच्च्या मसुद्यात मी बार कौन्सिलला सगळीकडे "वकील संघटना" लिहिलंय, चालेल?

---

नाही चालणार, तेवढं बदलाच. वकील संघ म्हणजे बार असोसिएशन, ती आपापल्या कोर्टातल्या वकिलांची, वर्गणी भरून झालेली. सनद म्हणजे वकिलीचा परवाना देते आणि गैरवर्तन केलं तर काढूनही घेते ती बार कौन्सिल, 1961 च्या कायद्याने आलेली. वर्तमानपत्रं दोन्हीला संघटना म्हणतात आणि मग लोक तक्रार घेऊन भलत्याच दारात जातात.

आणि 'जाहिरात' लिहिताना जाहीर नोटिशीत घोळ घालू नका. "तमाम लोकांस कळविण्यात येते की" म्हणून जमिनीच्या व्यवहाराची नोटीस छापून येते, खाली वकिलाचं नाव नि ऑफिसचा पत्ता असतो, ती अशिलाच्या वतीने असते, जाहिरात नव्हे. पाटीवर मात्र संघाचा अध्यक्ष किंवा माजी न्यायाधीश असं लिहिता येत नाही, पाटीही बेताचीच हवी. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, सनदेचा नंबर, शिक्षण, कुठल्या प्रकारची कामं करता एवढं चालतं.

---

मग ओळ अशी करते: "वकिलाने काम मिळवण्यासाठी कोणाला गाठू नये, स्वतः किंवा दलालामार्फत, आणि जाहिरातही करू नये." नियमातल्या 'टाऊट'ला दलालच ठेवू ना?

---

ठेवा, कोर्टात तोच शब्द आहे.