सागरी महामार्गावरील सायकलप्रवासात तंबू पुळणीवर लावावा का?

चर्चाप्रस्ताव

कोकणातील रेवस ते रेडी या किनारी मार्गावर सामान लादलेली सायकल घेऊन निघायचे, बागमांडला, दाभोळ, तवसाळ येथे ती फेरीबोटीत चढवायची, खाडी ओलांडताच समोरचा चढ चढायचा आणि अंधार पडला की जवळच्या पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, तंबू ठोकायचा, अशी अनेकांची पद्धत आहे. यातला पुळणीवरचा मुक्काम नोव्हेंबर ते मे या काळात पूर्णपणे टाळावा, असे माझे ठाम मत आहे. वेळास, केळशी, आंजर्ले येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच हंगामात रात्री वर येतात, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परततात. वाटेत उजेड किंवा माणसांची हालचाल दिसली, तर मादी अंडी न घालताच माघारी फिरू शकते.

प्रतिसाद १

आपली कळकळ समजते, पण निष्कर्ष पटत नाही. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचे प्रखर दिवे रात्रभर जळतात, वाळूवर चारचाकी गाड्या धावतात आणि बंदी मात्र एका सायकलस्वाराच्या छोट्याशा तंबूवर? शिवाय कासवमित्र पहाटे फिरून सापडलेली अंडी कुंपणातल्या संरक्षित जागेत हलवतात, त्यामुळे ती तंबूखाली चिरडण्याची भीती फारशी उरत नाही. तंबूऐवजी घरगुती निवासाचे आधी आरक्षण केले की रोजचे अंतर बांधले जाते. कोकणातले चढ आणि फेरीबोटीची वाट पाहण्यात जाणारा वेळ पाहता ते अंतर गाठता येईलच असे नाही, आणि कासव महोत्सवाच्या शनिवार-रविवारी वेळासला ऐनवेळी खोली मिळणे कठीण.

प्रस्तावकाचे उत्तर

रिसॉर्टांच्या दिव्यांविषयी आपण म्हणता ते शंभर टक्के खरे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु अंडी हलवण्याचा मुद्दा येथे लागू होत नाही, कारण मी बोलतो आहे ते मादी वाळूवर चढते त्या वेळेविषयी, म्हणजे अंडी घातली जाण्यापूर्वीच्या रात्रीविषयी. नजरेतून सुटलेल्या घरट्यातली पिल्ले तर बाहेर पडताच उजळ क्षितिजाकडे धावतात. डोक्याला लावलेली विजेरी त्यांना समुद्राऐवजी सुरूच्या बनाकडे नेऊ शकते. आरक्षणाची अडचण मात्र खरी आहे. तंबू सोडा असे मी म्हणत नाही, फक्त वाळू सोडा.

प्रतिसाद २

मी याच पट्ट्यातला रहिवासी आहे. दिवस मावळण्यापूर्वी वाडीत येऊन विचारले, तर देवळाची पडवी किंवा कोणाचे तरी खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, सहसा मिळते, विहिरीचे पाणीही मिळते. प्रतिसाद १ मधील सद्गृहस्थांना हवे असलेले स्वातंत्र्य यात जात नाही, कारण आरक्षण लागतच नाही. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. माडाखाली तंबू लावू नये, नारळ आणि झावळ्या रात्री केव्हाही पडतात. दुसरे म्हणजे, पावसाळा संपल्यावर घरच्या बायका खळे चोपून, शेणाने सारवून तयार करतात, तेव्हा त्यात खुंट्या ठोकू नयेत. तंबूच्या दोऱ्या चिऱ्यांना किंवा सायकलीलाच बांधाव्यात.