मदत हवी आहे : हिमोग्लोबिन १७.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) फक्त ९. भावाला लोहाच्या गोळ्या द्याव्यात का?

नमस्कार. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. माझ्या धाकट्या भावाच्या (वय २९) रक्ताच्या अहवालाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, पण ती पुढच्या आठवड्यातली आहे आणि तोपर्यंत घरात दोन टोकांची मते झाली आहेत. जिममधल्या ट्रेनरने त्याला लोहाच्या गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या आहेत. आमच्या ओळखीचे औषध दुकानदार मात्र म्हणतात, की एवढे हिमोग्लोबिन असताना लोह घेतले तर रक्त आणखी घट्ट होईल.

भाऊ साधारण दोन वर्षांपासून टेस्टोस्टेरॉन एनन्थेटची (पुरुषी संप्रेरकाची) इंजेक्शने घेतो आणि मधूनमधून स्टॅनोझोलॉल या स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्याही घेतो. हे कोणत्याही डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही. त्याने ते स्वतःहून आणि विश्वासाने मला सांगितले आहे, त्यामुळे त्याबद्दलचा उपदेश कृपया येथे नको. तो घरी पुरेसा झाला आहे. रक्त घट्ट झाले की रक्तदान करून टाकायचे, हा त्यांच्या जिममधला सर्रास चालणारा उपाय आहे, आणि त्यानुसार तो कधी शिबिरात, कधी रक्तपेढीत जाऊन वारंवार रक्त देत आला आहे.

गेल्या काही महिन्यांत त्याला जिने चढताना दम लागतो, रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत आणि पूर्वी सहज उचलत असलेले वजन आता पेलत नाही. माझ्या लक्षात आलेली सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे बर्फ. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढून ओट्याच्या कडेवर आपटायचा आणि एकेक खडा दाताखाली कडाकड फोडत बसायचे, हे भर जानेवारीतही चालू होते, त्यामुळे याचा दोष नागपूरच्या उन्हाळ्याला देता येत नाही.

अहवाल असा आहे : हिमोग्लोबिन १७.४, पीसीव्ही (रक्तातील पेशींचे प्रमाण) ५३.८ टक्के, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ६.९ दशलक्ष, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ७८, एमसीएच (एका पेशीतले हिमोग्लोबिन) २५.२, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) १७.१. सीरम आयर्न ४२, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची क्षमता) ४६२, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (त्या क्षमतेपैकी भरलेला भाग) ९ टक्के, फेरिटिन ९. रक्ताचा नमुना मे महिन्यात, सकाळी जिममधून परत येताना दिलेला आहे. नोकरीला लागताना केलेल्या, म्हणजे इंजेक्शने सुरू होण्याच्या आधीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १५ आणि एमसीव्ही ८८ होते.

हिमोग्लोबिन इतके जास्त असलेल्या माणसाला लोहाची कमतरता असू शकते का, आणि असल्यास डॉक्टरांची भेट होईपर्यंत गोळ्या द्याव्यात की थांबावे?

प्रतिसाद : उमरेड रोड

ताई, आपल्या विदर्भात एमसीव्ही कमी दिसला की आधी सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची चाचणी करून घ्यावी, असे मला वाटते. एमसीव्हीला आरबीसीने भागले आणि उत्तर १३ पेक्षा कमी आले, तर थॅलेसेमिया मायनरची (त्याच्या सौम्य, वाहक प्रकाराची) शंका घेतात. तुमच्या भावाचे उत्तर ११.३ येते. लोहाची कमतरता असती, तर आरबीसी एवढी वाढली नसती.

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. वरच्या प्रतिसादातला भागाकार बरोबर आहे, पण तो येथे लागू पडत नाही. ते सूत्र अशा रुग्णासाठी आहे, ज्याच्या रक्तपेशींची संख्या बाहेरच्या औषधाने वाढलेली नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक जास्त स्रवते, अस्थिमज्जा अधिक पेशी तयार करते आणि आरबीसीचा आकडा फुगतो. मोठ्या आकड्याने भागल्यावर उत्तर लहान येणारच.

दुसरे, थॅलेसेमिया मायनर जन्मापासून असतो. इंजेक्शनांच्या आधी एमसीव्ही ८८ होता, म्हणजे ७८ हा बदल अलीकडचा आहे. फेरिटिन ९ आणि सॅच्युरेशन ९ टक्के हे दोन्ही एकत्र असल्यावर लोहाच्या कमतरतेबद्दल शंका उरत नाही. सिकलसेल वाहक आहे की नाही, हे आपल्या भागात प्रत्येकाला माहीत असायला हवे, म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी चाचणी) अवश्य करावी. मात्र लोह कमी असताना एचबीए२ (थॅलेसेमिया ओळखण्यासाठी पाहतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटे कमी येऊ शकते, हे ध्यानात ठेवून ती लोह भरून आल्यावर केलेली बरी.

आता रक्तदानाचा हिशेब सांगतो, कारण खरी गळती तेथे आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. हिमोग्लोबिन १७ असलेल्या माणसाने ३५० मिलिलिटर रक्त दिले, की साधारण २०० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. निरोगी माणूस अन्नातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषतो, आणि पुरुषाच्या शरीरातला लोहाचा साठा सहसा एक ग्रॅमच्या आतच असतो. पुरुषांसाठी दोन रक्तदानांत किमान ९० दिवसांचे अंतर ठेवण्याचा नियम याचसाठी आहे. वेगवेगळ्या शिबिरांत गेले, की ते अंतर पाळले गेले की नाही हे कोणाला कळत नाही. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन फक्त हिमोग्लोबिन पाहतात, किमान १२.५ हवे असते आणि याचे १७ भरते. फेरिटिन तेथे कोणी तपासत नाही. म्हणून साठा रिकामा होत असताना तुमचा भाऊ प्रत्येक वेळी उत्तम दाता ठरत गेला.

एक गोष्ट कटू वाटेल, पण लिहितो. रक्तदात्याच्या अर्जात सुईने घेतलेल्या औषधांबद्दल विचारलेले असते. तेथे खरे उत्तर न देता दिलेले रक्त एखाद्या आजारी माणसाला चढवले जाते. जिममध्ये सुया किंवा मल्टिडोस (अनेक मात्रांच्या) बाटल्या वाटून वापरल्या जात असतील, तर हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणीही आवश्यक आहे.

प्रतिसाद : वर्धा रोडवरचा

माझी पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर मला टेस्टोस्टेरॉन डॉक्टरांनीच लिहून दिले आहे, त्यामुळे पीसीव्ही वाढण्याचा अनुभव मलाही आहे. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी रक्त काढण्याऐवजी आधी मात्रा कमी केली आणि पुढे इंजेक्शनऐवजी जेल दिले. जेलने पीसीव्ही तुलनेने कमी वाढतो. रक्त काढायचेच असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्तपेढीत काढून घेता येते. ते सहसा टाकून देतात, कोणाला चढवत नाहीत.

प्रतिसाद : रामदासपेठ ओपीडी

मी फिजिशियन आहे. रुग्णाला न पाहता लिहीत आहे, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. ट्रेनर आणि दुकानदार या दोघांपैकी दुकानदार या घटकेला अधिक बरोबर आहेत, म्हणून भेटीपर्यंत लोह सुरू करू नये.

याचे कारण असे. यकृत हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक तयार करते, जे आतड्यातून येणाऱ्या आणि साठ्यातून सुटणाऱ्या लोहाला आवर घालते. टेस्टोस्टेरॉन हे हेप्सिडिन कमी करते. आवर सुटल्यामुळे साठ्यातले लोह अस्थिमज्जेकडे जाते आणि त्याच्या रक्तपेशी बनतात. तुमच्या भावाचे हिमोग्लोबिन १५ वरून १७.४ वर गेले. शरीरात पाच लिटर रक्त धरले, तर एवढ्या वाढीसाठी सुमारे ४०० मिलिग्रॅम लोह साठ्यातून रक्तात गेले असणार. त्यावर वारंवारचे रक्तदान झाले. एक वाट आत वळली आणि एक बाहेर गेली, पण दोन्ही एकाच साठ्यातून निघाल्या. इंजेक्शन चालू असताना गोळ्या दिल्या, तर येणारे लोह पुन्हा पेशींकडेच जाईल, पीसीव्ही वाढेल, मग पुन्हा रक्त काढावे लागेल. लिहून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीतही पीसीव्ही ५४ टक्क्यांच्या वर गेला, की औषध थांबवावे असे मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि तुमचा भाऊ त्या रेषेवरच उभा आहे. मे महिन्यात व्यायामानंतर दिलेल्या नमुन्यात पाणी कमी पडल्याने पीसीव्ही थोडा जास्त दिसू शकतो. म्हणून भरपूर पाणी पिऊन, व्यायामाआधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पुन्हा करावी. फेरिटिन ९ येण्याचा मात्र पाण्याशी संबंध नाही.

पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. इंजेक्शने थांबल्यावर जास्तीच्या पेशी हळूहळू कमी होतात आणि त्यांच्यातले लोह साठ्यात परत जमा होते. त्यामुळे रक्तदान बंद, टेस्टोस्टेरॉन बंद आणि काही महिन्यांनी फेरिटिन, एवढ्यानेच आकडा बराच सुधारलेला मी पाहिला आहे. पीसीव्ही खाली आल्यावरही लक्षणे राहिली, तर कमी मात्रेत, एक दिवसाआड लोह देता येईल आणि दर तीन-चार आठवड्यांनी सीबीसी पाहता येईल. शिरेतून लोह देण्याचा कोणी सल्ला दिला, तर सध्या नकार द्यावा. बर्फ चघळणे आणि पायांची अस्वस्थता ही लोहाच्या कमतरतेचीच लक्षणे आहेत, आणि हिमोग्लोबिन भरपूर असतानाही ती होतात.

आणखी एक विचारतो : तो अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा ॲसेक्लोफेनॅक ही वेदनाशामके घेतो का? मूळव्याध, काळी शौच, पोटात जळजळ असे काही आहे का? तरुण पुरुषाचे लोह कमी झाले, की रक्तदानाचे स्पष्ट कारण समोर असले, तरी पोटातून रक्तस्राव होत नाही ना हे पाहिल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. भावाला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. हो, तो ॲसेक्लोफेनॅक बऱ्याचदा घेतो आणि जळजळ होते म्हणून पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळीही चालू आहे. शौचाबद्दल त्याने धड उत्तर दिले नाही. इंजेक्शन एकदम बंद केले, तर शरीर खचेल आणि मन उदास होईल, अशी भीती त्याला जिममध्ये घातली गेली आहे; त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद : रामदासपेठ ओपीडी

तथ्य आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळत असताना मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद पडतो, आणि तो पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे, कधी बरेच महिने लागतात. त्या काळात थकवा, उदासी, कामेच्छा कमी होणे हे सगळे होऊ शकते. म्हणूनच हे थांबवणे एन्डोक्रायनॉलॉजिस्टच्या (संप्रेरकतज्ज्ञाच्या) देखरेखीखाली व्हावे. एलएच, एफएसएच (वृषणांना संदेश देणारी संप्रेरके) आणि टेस्टोस्टेरॉन तपासून ठेवावे आणि हा संदेश पुन्हा सुरू व्हावा म्हणून जिममधून मिळणारी एचसीजी किंवा क्लोमिफेन ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. खासगीत परवडत नसेल, तर मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवता येईल. उदासी गंभीर वाटली, तर भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका.

ॲसेक्लोफेनॅक आजपासून बंद करावे. पॅन्टोप्राझोलने लोहाचे शोषण कमी होते, पण ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. शौचातील सुप्त रक्ताची चाचणी भेटीआधी करून ठेवलीत, तर एक फेरी वाचेल. यकृताच्या चाचण्या आणि रक्तदाबही पाहून ठेवा. स्टॅनोझोलॉलने यकृताला इजा झाली असेल, तर फेरिटिन वाढलेले दिसू शकते, त्यामुळे पुढच्या वेळी आकडा ६० आला, तरी सॅच्युरेशन सोबत असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आणि दरम्यान एका पायाला सूज आली, छातीत दुखले, अचानक धाप लागली, बोलताना जीभ अडखळली किंवा काळी, डांबरासारखी शौच झाली, तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, त्याच क्षणी त्याला इमर्जन्सीत न्या आणि कोणती इंजेक्शने चालू होती, ते तेथे स्पष्ट सांगा.