सबसिडीची मुलं घेतली तर सरकारला काय काय कळवावं लागतं?

प्रेषक: सभासद, घरगुती डे-केअर
प्रति: मंडळ यादी

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत माझं घरगुती डे-केअर आहे आणि त्याला राज्याचं लायसन्स आहे, हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. आजवर माझ्याकडची सगळी मुलं पूर्ण फी भरणारी होती. परवा एका आईचा फोन आला. ती नर्सिंग होममध्ये काम करते, नवरा गोदामात रात्रपाळीला असतो. त्यांना राज्याची चाइल्ड केअर सबसिडी (म्हणजे डे-केअरच्या फीसाठी सरकारी मदत) मंजूर झाली आहे आणि ती स्वीकारणारं डे-केअर ते शोधताहेत.

मला ते मूल घ्यायचं आहे. पण ओळखीच्या दोघींनी घाबरवून सोडलं. "सरकारी पैसे घेतलेस की दर मुलामागे ढीगभर रकाने भरायचे, वॉशिंग्टनला ८०१ नावाचा फॉर्म पाठवायचा, आणि एखादा आकडा चुकला की दिलेले पैसे परत मागतात." यात खरं किती? माझ्याकडे मदतीला एकच बाई आहे, कागदपत्रं मी रात्री मुलं गेल्यावर करते. या कामातलं कुणी असेल तर कृपया नीट सांगा.

---

प्रेषक: सभासद, काउंटीतली सबसिडी संस्था
प्रति: मंडळ यादी

ताई, मी अशाच एका संस्थेत आहे. पालकांचे अर्ज, डे-केअरची बिलं आणि राज्याला जाणारे अहवाल हेच आमचं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

८०१ ची भीती आधी मनातून काढा. एसीएफ-८०१ डे-केअरवाल्यांनी भरायचा नसतो, तो राज्य सरकार भरतं. या सबसिडीचा मोठा भाग फेडरल पैशांतून येतो. १९९० साली चाइल्ड केअर अँड डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँटचा कायदा झाला, १९९६ च्या वेलफेअर कायद्यानं वेगवेगळे निधी एकत्र आणले आणि त्यालाच आपण सीसीडीएफ, म्हणजे चाइल्ड केअर अँड डेव्हलपमेंट फंड, म्हणतो. वॉशिंग्टन पैसे राज्यांना देतं आणि त्या बदल्यात हिशेब मागतं. ८०१ मध्ये एकेका कुटुंबाची दर महिन्याची माहिती जाते. काही राज्यं सगळ्या कुटुंबांची पाठवतात, काही नमुना म्हणून निवडलेल्यांची. दुसरा असतो एसीएफ-८००. त्यात ऑक्टोबर ते सप्टेंबर या वर्षाची एकत्रित बेरीज असते आणि तो ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा असतो. दोन्ही राज्याचीच जबाबदारी.

कॅलिफोर्नियात ज्या संस्थांचं राज्याशी थेट कंत्राट असतं त्यांना ८०१ए नावाचा मासिक अहवाल द्यावा लागतो. तुमच्या मैत्रिणींनी बहुधा त्याबद्दल ऐकलं असेल.

८०१ मध्ये असतं काय, तर कुटुंबाचं उत्पन्न, घरात माणसं किती, पालक एकटा आहे का, सबसिडी नोकरीसाठी हवी की शिक्षणासाठी, मुलाचा जन्माचा महिना आणि वर्ष, वंश, अपंगत्व, महिन्यात किती तास सांभाळलं, डे-केअरला किती पैसे दिले, पालकांचा को-पे (फीतला त्यांचा स्वतःचा वाटा) किती. यातली बहुतेक माहिती केसवर्कर (अर्ज हाताळणारा कर्मचारी) अर्जाच्या वेळीच घेतो. तुमच्या लायसन्सची आणि तपासणीची माहिती लायसन्सिंग खात्याकडे असतेच. मग तुमच्या हातात राहतं ते तुमचा दर आणि हजेरी.

आणि हजेरीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण चांगल्या, प्रामाणिक बायका फक्त इथे अडकताना मी पाहते.

मूल ७:४२ ला आलं तर ७:४२ च लिहायचं, ७:३० नाही. वेळ आणि सही दोन्ही सोडणाऱ्यानं स्वतः, त्याच क्षणी करायची. सही म्हणजे पूर्ण सही, आद्याक्षरं नकोत. शाळेत जाणारं मूल असेल आणि तुम्ही त्याला सकाळी बसवर सोडून दुपारी परत घेत असाल, तर त्या दिवशी आत-बाहेरच्या नोंदी दोनदा होतात. मूल आलं नाही तर चौकोन रिकामा ठेवू नका, गैरहजर लिहा आणि पुढे कारण लिहा. दूधवाल्याचे खाडे महिनाअखेरीला आठवून लिहितात तसं इथे चालत नाही. तपासणीला बसलेल्या माणसासमोर महिनाभर रोज ८:०० आणि ५:०० अशा, एकाच पेनानं, एकाच हातानं लिहिलेल्या नोंदींचा कागद आला, की तो बाजूला काढला जातो. मुलं खरोखर आली होती हे मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

तुमच्या राज्यात टॅब्लेट किंवा फोनवरून नोंद असेल तर पालकाचा पिन पालकानंच टाकायचा. "ताई, मी घाईत आहे, तुम्हीच टाका ना" असं आग्रहानं सांगतात. प्रेमळपणे नाही म्हणा. दुसऱ्याचा पिन वापरून केलेली नोंद कितीही खरी असली तरी ती तुम्ही केलेली खोटी नोंद ठरू शकते. यंत्र बंद पडलं तर त्याच दिवशी कागदावर सही घ्या आणि आमच्यासारख्या संस्थेला लगेच कळवा.

पैसे हजेरीवर मिळतात की नावनोंदणीवर, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. २०२४ च्या फेडरल नियमांनी नावनोंदणीवर पैसे द्यायला सांगितलं, म्हणजे मूल तापानं चार दिवस घरी राहिलं तरी तुमचं भाडं आणि मदतनीसबाईंचा पगार निघावा. मला हे अगदी योग्य वाटतं, कारण मूल आजारी पडलं म्हणून तुमचा खर्च थांबत नाही. पण हे नियम बदलत असतात, तेव्हा राज्याबरोबरच्या करारात जे लिहिलंय तेच धरा. आणि पैसे नावनोंदणीवर मिळत असले तरी हजेरी ठेवावीच लागते.

चुकलं तर काय? प्रत्येक राज्याला दर तीन वर्षांनी काही फाइली निवडून दिलेले पैसे योग्य होते का हे तपासावं लागतं. चुकीच्या पैशांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तर राज्याला सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. या तपासणीत कागद न सापडणं हीसुद्धा चूक धरली जाते. म्हणून हजेरीपत्रकं महिन्यावारी फाइलला लावा आणि करारात सांगितलेली वर्षं जपून ठेवा. एखादी वेळ चुकून लिहिली गेली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर वेळ लिहा आणि पालकाची सही घ्या. पांढरी शाई नको.

ते मूल घ्या, ताई. रात्रपाळी करून आलेल्या बापाला सकाळी झोप मिळावी, आईला कामावर जाता यावं, यासाठीच हा पैसा आहे.

---

प्रेषक: सभासद, पालक
प्रति: मंडळ यादी

वरच्या मेलबद्दल धन्यवाद. मी दुसऱ्या बाजूनं विचारते. आम्ही दोघं पीएचडी करतो, स्टायपेंडवर आहोत, मुलगी इथेच जन्मली. सबसिडीच्या अर्जाचा विचार चालू आहे. पण वंश, भाषा, उत्पन्न, पत्ता हे सगळं सरकारजमा होणार म्हणजे नेमकं कुठे जाणार? आम्ही व्हिसावर आहोत. शिवाय अर्जात "तुम्ही बेघर आहात का" असाही प्रश्न आहे. तो वाचून सासूबाई फारच दुखावल्या.

---

प्रेषक: सभासद, काउंटीतली सबसिडी संस्था
प्रति: मंडळ यादी

तुमची शंका रास्त आहे.

राज्याकडे नाव-पत्ता असतो, तो असणारच. पण वॉशिंग्टनला जाणाऱ्या अहवालात व्यक्तीची ओळख पटेल अशी माहिती नसावी, हे या सबसिडीच्या २०१४ च्या कायद्यातच लिहिलं आहे. तिथे कुटुंबाला एक क्रमांक असतो, नाव नसतं. सोशल सिक्युरिटी नंबर राज्य मागू शकतं, पण तो दिला नाही म्हणून ही सबसिडी नाकारता येत नाही. त्याच अर्जातून फूड स्टँप्सही मागत असाल तर त्याचे नियम वेगळे, ते वेगळे विचारा. आणि नागरिकत्व किंवा इमिग्रेशन स्थिती पाहिली जाते ती मुलाची. तुमची मुलगी जन्मानं अमेरिकन नागरिक आहे. व्हिसाच्या पुढच्या कागदांवर याचा काही परिणाम होईल का, हे मात्र इमिग्रेशन वकिलालाच विचारा, मंडळाच्या यादीवरच्या कुणालाही नाही, मलाही नाही.

शिक्षण घेणारे पालक पात्र धरायचे की नाहीत, किती क्रेडिट्स हवेत, हे राज्य ठरवतं. उत्पन्नाची फेडरल कमाल मर्यादा राज्याच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या ८५ टक्के आहे, बरीच राज्यं त्याहून खाली ठेवतात. एकदा पात्र ठरलात की निदान बारा महिने मिळतं.

आता त्या प्रश्नाबद्दल. सासूबाईंना जरूर सांगा की तो हिणवायला विचारलेला नाही. इथे बेघर मुलांसाठीच्या मॅकिने-व्हेंटो कायद्याची व्याख्या लावतात. तिच्यात रस्त्यावर किंवा शेल्टरमध्ये राहणारी मुलं येतातच, पण घर गेल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे दुसऱ्या कुटुंबाच्या घरात राहणारी मुलंही येतात. नोकरी गेली, लीज संपलं, मग मावसभावाच्या बेसमेंटमध्ये चौघं जण राहिले, हे आपल्याकडे किती घरांत झालंय! आपण त्याला पाहुणचार म्हणतो आणि रकान्यात "नाही" लिहितो. आणि तिथेच नुकसान होतं, कारण अशा मुलांना लशीचे आणि इतर कागद येईपर्यंत थांबावं लागत नाही. आधी डे-केअर सुरू होतं, कागद नंतर सवलतीच्या मुदतीत द्यायचे. तुमची परिस्थिती तशी नसेल तर अर्थातच "नाही" लिहा. पण असेल तर संकोचानं खोटं लिहू नका.

भाषेचंही तसंच. हेड स्टार्टच्या (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहान मुलांसाठीच्या फेडरल कार्यक्रमाच्या) वार्षिक अहवालात घरी बोलली जाणारी मुख्य भाषा विचारतात आणि मध्यपूर्वेतल्या व दक्षिण आशियाई भाषांचा मिळून एकच गट असतो. म्हणजे मराठी वेगळी दिसत नाही, तरी घरी मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. "मुलाला इंग्लिश येत नाही असं वाटेल" म्हणून इंग्लिश लिहिणारे पालक मी पाहिलेत. मग दुभाषा किंवा दोन भाषांची मदत कुणाला लागते, ते कुणाला कसं कळणार?

---

प्रेषक: सभासद, डे-केअर सेंटर
प्रति: मंडळ यादी

आमचं सेंटर आहे, बरीच मुलं सबसिडीची आहेत. दोन गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे जेवणाचे पैसे. सीएसीएफपी हा डे-केअरमधल्या जेवणासाठी पैसे देणारा कृषी खात्याचा कार्यक्रम आहे आणि त्याचा हिशेब सबसिडीपेक्षा पूर्ण वेगळा ठेवायचा. आमच्यासारख्या सेंटरला कोणतं जेवण किती मुलांनी घेतलं हे वाढतानाच टिपावं लागतं. घरगुती डे-केअरला ही नोंद रोजच्या रोज करायची असते आणि ती स्पॉन्सर संस्थेमार्फत (घरगुती डे-केअरचा हिशेब पुढे पाठवणाऱ्या संस्थेमार्फत) जाते. मेनू, हजेरी आणि जेवणाची संख्या यांचा मेळ बसला पाहिजे. हजेरीत नऊ मुलं आणि जेवणात दहा, असं झालं की तपासणीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. या कार्यक्रमात पूर्वी मुलाकडे बघून वंशाचा रकाना भरायची मुभा होती. २०२१ मध्ये कृषी खात्यानं ती बंद केली. आता पालकांनाच विचारायचं. फार चांगलं झालं.

दुसरी गोष्ट, जिचा आपल्या लोकांना कंटाळा येतो. सबसिडीच्या दर तीन वर्षांच्या राज्य योजनेआधी बहुतेक राज्यं बाजारभावाची पाहणी करतात, डे-केअरवाल्यांना फी विचारतात. सबसिडीचे दर त्यावरून ठरवले जातात. आपण तो ईमेल जंक समजून पुसला किंवा भिडेखातर जुनी, कमी फी सांगितली, तर आपल्याच भागाचा दर खाली येतो आणि मग आपणच म्हणतो की सरकार फार कमी देतं. खरी फी सांगा.

एका मित्रानं मला खासगीत लिहिलं की हे सगळे आकडे कुणी वाचत नाही. मी असहमत आहे. देशभरात दर महिन्याला तेरा-चौदा लाखांच्या आसपास मुलांना ही मदत मिळते आणि फेडरल निकषांनी पात्र असलेल्या सहा-सात मुलांमागे जेमतेम एकापर्यंत ती पोचते, हे याच अहवालांमुळे ठाऊक आहे. डे-केअरमध्ये किती मुलं दगावली, किती गंभीर जखमी झाली, हे आकडे राज्यांना दरवर्षी जाहीर करावे लागतात ते २०१४ च्या कायद्यामुळेच. त्याआधी अनेक ठिकाणी पालकांना हे पाहायला कुठे मिळतच नव्हतं. मी स्वतः एक बाप म्हणून ते वाचतो.

---

प्रेषक: सभासद, घरगुती डे-केअर
प्रति: मंडळ यादी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी त्या आईला होकार कळवला आहे आणि कराराची प्रत मागवली आहे. एकच शंका. सकाळी बाबा सोडणार, पण संध्याकाळी बऱ्याचदा आजी न्यायला येणार. आजी मोडी लिपीतल्यासारखी मराठीत सही करतात. ती चालेल का?

---

प्रेषक: सभासद, काउंटीतली सबसिडी संस्था
प्रति: मंडळ यादी

मराठी सही चालायला हरकत नाही, सही इंग्रजीतच हवी असा नियम मी तरी कुठे पाहिलेला नाही. फक्त पालकांनी मुलाला न्यायला परवानगी दिलेल्यांच्या यादीत आजींचं नाव असलं पाहिजे आणि तिथे त्यांच्या सहीचा नमुना घेऊन ठेवा. वेळ आजींनी स्वतः लिहावी. आकडे देवनागरीत लिहिण्याची सवय असेल तर तेवढे इंग्रजीत लिहायला सांगा, नाहीतर तपासणाऱ्याला ५ आणि ४ मधला फरक कळणार नाही. करार आला की त्यातलं गैरहजेरीचं कलम मला पाठवा, सही करण्याआधी आपण दोघी फोनवर वाचून घेऊ.