जेफरसन यांचा 1787 चा द्राक्षबागांतील प्रवास: अभ्यास की हौस?

धागाकर्ता

थॉमस जेफरसन अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत होते, तेव्हा 28 फेब्रुवारी 1787 रोजी ते पॅरिसहून निघाले आणि बर्गंडी, बोजोले, ऱ्होनचे खोरे, प्रोव्हान्स, इटलीचा उत्तर भाग, लांगदोक व बोर्दो असा मोठा फेरा करून 10 जूनला परतले. आदल्या सप्टेंबरात उजवे मनगट दुखावले होते आणि त्यावर उपाय म्हणून एक्स-आं-प्रोव्हान्सच्या झऱ्यांचे पाणी घ्यायचे, हे निमित्त होते. पाण्याचा गुण आला नाही, पण प्रवास मात्र पुढे चालू राहिला.

हा प्रवास आज एका वाइनशौकिनाची सहल म्हणूनच सांगितला जातो, आणि ते मला मान्य नाही. शेतीवर जगणाऱ्या माणसांचा इतका बारकाईने केलेला अभ्यास त्या काळच्या राजनैतिक प्रतिनिधींत विरळाच आढळेल. बर्गंडीतली त्यांची एक नोंद पाहा. पोमार आणि वोलने या गावांत मजूर गव्हाची चांगली भाकरी खात होते, तर शेजारच्या मर्सो गावात राय या हलक्या धान्याची. असे का, म्हणून त्यांनी चौकशी केली. मर्सोची जमीन फार दगडाळ असल्यामुळे तिथे तांबडी वाइन होत नाही, फक्त पांढरी होते. पांढरी वाइन तांबडीपेक्षा अधिक वेळा बिघडते व पडून राहते. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला मजुरांना तितके चांगले खाऊ घालणे परवडत नाही, असे उत्तर मिळाले. माणसाची स्थिती इतक्या क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते, असा उद्गार त्यांनी त्यापुढे लिहिला आहे. केवळ चव घ्यायला निघालेल्या माणसाचे लक्ष मजुराच्या भाकरीकडे गेले नसते.

प्रतिसाद 1

नोंद सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु त्याच वहीत बोर्दोच्या चार सर्वोत्तम वाइनही क्रमाने लिहिल्या आहेत, शातो मार्गो, ला तूर, ओ-ब्रियों आणि लाफीत, आणि प्रत्येकीचे वार्षिक उत्पादनही टिपले आहे: मार्गोचे 150 टन, ओ-ब्रियोंचे अवघे 75. ही यादी पुढे कामाला आली ती त्यांच्या स्वतःच्या तळघरासाठी. राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांत, वार्षिक वेतन 25,000 डॉलर असताना, त्यांनी वाइनवर 10,000 डॉलरहून अधिक खर्च केला. 1826 मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. ते सारे वाइनमुळे झाले असे मी म्हणत नाही, पण राहणीच्या ज्या इतमामामुळे ते वाढत गेले त्यात हे तळघरही होतेच. अशा प्रवासाला निखळ अभ्यास म्हणणे मला पटत नाही.

धागाकर्ता

हौस नव्हती असे मी म्हटलेले नाही. हौस आणि अभ्यास एकाच माणसात नांदू शकतात, एवढेच माझे म्हणणे आहे. बाजारभाव, उत्पादन, जमिनीचा पोत, मजुरी, पिंपांची वाहतूक हे सगळे ते सारख्याच काळजीने लिहितात. परतीच्या वाटेवर लांगदोकच्या कालव्यातून जाताना त्यांनी आपली घोडागाडी चाके काढून बोटीवर चढवली आणि कालव्याची रचना न्याहाळत ते तुलूजपर्यंत गेले. त्यात त्यांच्या मनात अमेरिकेतल्या जलमार्गांचा विचार होता. इटलीतल्या पिडमाँटमधून भाताचे बी बाहेर नेण्यास मनाई असतानाही त्यांनी ते खिशांत भरून आणले, तेही दक्षिण कॅरोलायनाच्या शेतकऱ्यांसाठी. वाइनबाबतही 1818 च्या एका पत्रात त्यांनी असे मांडले की जिथे वाइन स्वस्त असते तिथले लोक दारुडे होत नाहीत, आणि ती महाग झाली की लोक कडक दारूकडे वळतात, म्हणून तिच्यावरील आयातकर कमी असावा. या मताशी कोणी सहमत असो वा नसो, ते सार्वजनिक हिताच्या विचारातून आलेले आहे.

प्रतिसाद 2

माझे घर निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदारांचे, म्हणून मला या प्रवासातून निघालेले आणखी एक वाक्य महत्त्वाचे वाटते. परतल्यावर जुलै 1787 मध्ये दक्षिण कॅरोलायनाचे विल्यम ड्रेटन यांना लिहिलेल्या पत्रात जेफरसन म्हणतात की ज्या जमिनीत दुसरे काही पिकू शकते तिथे द्राक्षवेल लावू नये, कारण ही शेती म्हणजे जुगार आहे. पीक फार आले तरी माणूस बुडतो आणि काहीच आले नाही तरी बुडतो, वाचवते ते फक्त मध्यम पीक, आणि तसे हवामान क्वचितच लाभते. भरघोस माल येऊन भाव कोसळलेला ज्याने पाहिला आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. म्हणून अभ्यासाच्या बाजूने माझे मत आहे. मात्र एक आक्षेपही आहे. इतरांना हा सल्ला देणारे जेफरसन स्वतः मॉन्टिसेलो या आपल्या मळ्याच्या टेकडीवर पुनःपुन्हा युरोपीय वेली लावत राहिले, आणि त्या तिथे टिकल्या नाहीत. हा जुगार त्यांना खेळता आला, कारण त्यांची भाकरी त्यावर अवलंबून नव्हती.

प्रतिसाद 1

आणि त्या टेकडीवर माती कोण खणत होते? मुद्दा इथेच येतो. एप्रिल 1787 मध्ये नीसहून फ्रेंच सरदार लाफाएत यांना लिहिताना जेफरसन आग्रहाने सांगतात की लोकांच्या झोपड्यांत शिरा, त्यांच्या चुलीवरच्या भांड्यात डोकावा, त्यांची भाकरी खा, विश्रांतीच्या मिषाने त्यांच्या अंथरुणावर पडून ते मऊ आहे का ते पाहा. हे लिहिणाऱ्या माणसाच्या मालकीत आयुष्यभरात 600 हून अधिक गुलाम होते. फ्रेंच मजुराची भाकरी राय धान्याची का, हे विचारायला त्यांना सवड झाली. स्वतःच्या मळ्यावरच्या झोपड्यांना तो प्रश्न त्यांनी त्याच तळमळीने लावला नाही. वर उल्लेखिलेल्या कर्जाची फेड करताना, जानेवारी 1827 मध्ये, मॉन्टिसेलोच्या 130 माणसांचा लिलाव झाला.

धागाकर्ता

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. मी फक्त इतकेच म्हणेन की त्यामुळे मर्सोची नोंद खोटी ठरत नाही. उलट ज्याला इतके दिसत होते त्याने काय पाहायचे टाळले, हे तिच्यामुळेच अधिक ठळक होते. म्हणून जेम्स हेमिंग्ज यांचा उल्लेख मी पहिल्याच मजकुरात करायला हवा होता. जेफरसन यांनी या गुलाम तरुणाला 1784 मध्ये फ्रेंच पाककला शिकण्यासाठी पॅरिसला नेले होते. फ्रान्सच्या न्यायालयात अर्ज करून स्वातंत्र्य मागण्याची वाट तिथे त्यांना मोकळी होती, तरीही 1789 मध्ये ते जेफरसन यांच्यासोबत परतले. दुसऱ्या कोणाला आपली विद्या शिकवल्यावर मुक्तता मिळेल, असा करार 1793 मध्ये झाला आणि ती 1796 मध्ये मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत हेमिंग्ज यांनी मॉन्टिसेलोच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहिली. ती आजही उपलब्ध आहे.

प्रतिसाद 2

ही यादी मला माहीत नव्हती. बर्गंडीच्या नोंदींबरोबर आता तीही वाचतो.