बाईकला मागे घरी बनवलेला जादा दिवा: शहाणपण की उपद्व्याप?

खंबाटकी_उतार
माझं मत आधीच सांगतो. रात्री हायवेला जाणाऱ्याने बाईकच्या मागे जादा लाल दिवा लावावाच, आणि तो घरी बनवला तरी काही बिघडत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांना मागे एकच बल्ब असतो, 12 व्होल्टचा, 21/5 वॅटचा, डबल कॉन्टॅक्टवाला, म्हणजे एकाच बल्बात दोन तारा: 21 वॅटची ब्रेकला, 5 वॅटची टेलला (टेल म्हणजे रात्री कायम पेटता राहणारा मागचा दिवा). तो उडाला की मागे मिट्ट काळोख, आणि चालवणाऱ्याला पत्ताही नाही. कुणी ओव्हरटेक करताना ओरडून सांगेल तेव्हा कळणार.

मी पाच लाल एलईडी एका ओळीत, अशा तीन ओळी केल्या. प्रत्येक ओळीला करंट आवरायला 220 ओहमचा एक रेझिस्टर. सामान पुण्यात तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळतं. तिन्ही ओळी मिळून 60 मिलिअँपिअर खातात, म्हणजे एक वॅटसुद्धा नाही, तेव्हा 'बॅटरी बसेल' हे कृपया कुणी सांगू नये. शिवाय ब्रेक दाबल्यावर एलईडी साध्या बल्बपेक्षा साधारण 0.2 सेकंद आधी पूर्ण पेटतो. ताशी 80 च्या वेगाला तेवढ्यात मागची गाडी साडेचार मीटर पुढे सरकते.

असेच आणखी दोन दिवे बॅगांच्या स्टँडच्या दोन टोकांना लावायचा विचार आहे. मतं सांगा.

कागदपत्रं_दाखवा
मत नाही, कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीने 182अ आलं: मालकाने असा फेरफार केला तर प्रत्येक फेरफाराला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमचे तीन दिवे म्हणजे किती फेरफार, हा हिशेब चौकातल्या हवालदाराशी घालत बसा. आणि उद्या मागून कुणी ठोकलं तर विमा कंपनीचा माणूस आधी तुमच्या त्या कलाकुसरीचाच फोटो काढेल.

खंबाटकी_उतार
साहेब, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे एकही दिवा नसताना राजरोस जातात. त्यांना हे कलम वाचून दाखवा की. मी लालच दिवा लावतोय, पांढरा-निळा नाही.

कागदपत्रं_दाखवा
ट्रॉलीवाला चुकतो म्हणून तुम्हाला सूट मिळत नाही. लालचं म्हणाल तर तो केंद्रीय नियमावलीतला नियम 108. नंबरप्लेटचा दिवा, इंडिकेटर असे मोजके अपवाद सोडले तर मागे लालच दिसला पाहिजे. तेवढं तुम्ही पाळताय. बाकीचं उभंच आहे.

पाना_पक्कड
गॅरेज चालवतो म्हणून बोलतो. कायदा बाजूला ठेवला तरी माझा विरोध आहे, कारण वेगळं आहे. त्या 21/5 च्या बल्बचा टेलचा उजेड असतो 35 ल्युमेन आणि ब्रेकचा 440. बारापट फरक. मागच्या ड्रायव्हरला 'हा थांबतोय' हे त्या फरकावरून कळतं. तुम्ही टेललाच भगभगीत एलईडी जोडून कायम पेटता ठेवलात की ब्रेक दाबला काय नि न दाबला काय, मागून सारखंच. असल्या 'सेफ्टी' केलेल्या गाड्या माझ्याकडे रोज येतात.

आणि ते टोकांचे दोन दिवे तर लावूच नका. अंधारात ट्रकवाल्याला बाईक दिसत नाही, दोन लाल ठिपके दिसतात. दोन ठिपके जवळजवळ, म्हणजे लांबवर चाललेली कार, असाच त्याचा अंदाज होणार. तुम्ही मात्र त्याच्या पुढ्यात.

रात्रपाळी
पानाभाऊ, दुसरी बाजूही बघा. लांबच्या प्रवासात मागे बॅगा बांधल्या की कंपनीचा दिवा अर्धा झाकला जातो. घाटात आपण दुसऱ्या गिअरवर इंजिनाच्या जोरावर उतरतो, गाडी हळू होते पण ब्रेकलाइट पेटतच नाही. कशेडी घाटात पावसाळी धुक्यात मागचा दिवा चार हातांवरून दिसत नाही. मी खंबाटकी_उतार यांच्या बाजूने, मधल्या एका दिव्यापुरता.

पाना_पक्कड
इंजिनावर उतरताना पेडलला हलकासा पाय लावा, दिवा पेटतो. त्याला नवीन दिवा कशाला? आधी पेडलचा स्विच बघा. स्प्रिंग सैल झाली की पेडल निम्मं दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. स्विचचा नट थोडा फिरवला की काम झालं. कित्येक जुन्या गाड्यांत पुढच्या ब्रेकला स्विचच नसतो, तो बसवून घ्या. काच फडक्याने पुसा. बॅगांना लाल रिफ्लेक्टर टेप लावा, तिला ना वायर ना फ्यूज.

घरच्या वायरिंगचं तर विचारूच नका. वायर सोलून पीळ मारायचा, वर काळी टेप. मडगार्डखाली चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथेच बसतं. तांबं हिरवं पडतं, मग एका पावसात शॉर्ट होऊन फ्यूज जातो आणि हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळंच बंद. एका दिव्याच्या हौसेपायी होते तेवढेही जातात.

ढ_विद्यार्थी
नाना पेठेत लुकलुकणारे तयार मिळतात, ते लावले तर? लांबून दिसतात.

रात्रपाळी
नको रे बाबा. मागे चालवून बघ एकदा. डोळे दिपतात, अंतर कळत नाही आणि शिव्या घालाव्याशा वाटतात.

खंबाटकी_उतार
टोकांचे दोन रद्द, पानाभाऊंचा मुद्दा पटला. मधला मात्र काढणार नाही, दंड झाला तर भरेन. त्या बारापट फरकावर उपाय आहे. टेलच्या वायरवरून 2.2 किलोओहमचा रेझिस्टर, ब्रेकच्या वायरवरून 220 चा, दोन्हीकडे एकेक 4007 डायोड, म्हणजे करंट उलटा जात नाही. एरवी दिवा मिणमिणता, ब्रेकला दहापट करंट. सांधे सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि स्वतंत्र अर्ध्या अँपिअरचा फ्यूज.

पाना_पक्कड
एक अडचण राहते. जुन्या काही गाड्यांत टेल मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतो आणि ब्रेक बॅटरीच्या डीसीवर. तसं असेल तर टेलच्या बाजूने तुमचे एलईडी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, थरथरतील. आधी मीटर लावून बघा, नाहीतर टेलची वायर सोडा आणि इग्निशननंतरच्या डीसी वायरवरून घ्या. गाडी कुठली, कुठल्या सालची?