बंदी, धाकदपटशा की कच खाणे?

धुळेकर: मंडळी, एका शब्दावर अडलोय. कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी 'द इंटरव्ह्यू' या सिनेमावर टिपण लिहितोय. उत्तर कोरियाचा हुकूमशहा किम जोंग-उन याच्या खुनाच्या कटावरची विनोदी कथा. सोनीने २०१४ मध्ये तो ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर मागे घेतला होता. मी मथळा दिला, 'उत्तर कोरियाने बंदी घातलेला अमेरिकन चित्रपट'. सरांनी 'बंदी'वर लाल रेघ मारली. 'सेन्सॉर' म्हणावं तर यात बोर्ड कुठंय?

भुसावळचे नाना: सरांचं बरोबर आहे. बंदी घालायला अंमल लागतो. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये इंग्रजांनी घातली ती बंदी. सरकार परकं, पण कायदा त्यांचा आणि पोलीसही त्यांचेच. प्रभातच्या 'स्वराज्यतोरण'चं १९३० मध्ये 'उदयकाल' झालं, ती सेन्सॉरची कात्री. उत्तर कोरियाचा अंमल काही हॉलिवूडवर नव्हता. २०१४ च्या जूनमध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने हा सिनेमा म्हणजे युद्धाची कृती असल्याचं सांगून दम भरला. नोव्हेंबरात सोनीचे संगणक फोडले गेले, ई-मेल चव्हाट्यावर आले. १६ डिसेंबरला हॅकरांनी ११ सप्टेंबर २००१ ची आठवण देऊन थिएटरांना धमकावलं. मोठ्या थिएटरवाल्यांनी अंग काढून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सोनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'धाकदपटशा'. यात अंमल असावाच लागतो असं नाही, आवाज पुरतो.

चोपड्याची लेक: नाना, धाकदपटशा झाला दाखवणाऱ्याकडचा. घाबरणाऱ्याचं काय? अहिराणीत 'माले भेव वाटस' म्हटलं की भीती कुणाला वाटतेय ते लगेच कळतं. सोनीने 'कच खाल्ली' म्हणा की. ओबामा १९ डिसेंबरला तेच म्हणाले, सोनीचं चुकलं. कुठला तरी हुकूमशहा आमच्याकडे सेन्सॉरशिप लादू लागला तर कसं चालेल?

थिएटरवाल्यांना मात्र मी हा शब्द लावणार नाही. माझ्या मामांचा तंबू सारंगखेड्याच्या यात्रेत लागायचा. 'पडदा फाडू' असं कुणी दरडावून गेलं की मामा खळीची बादली घेऊन निघायचे आणि त्याच पोस्टरवर दुसऱ्या सिनेमाचं पोस्टर डकवायचे. वरच्याच्या कडेतून खालच्या हिरोचं कपाळ दिसत राहायचं! मशीन त्यांचं, कनाती त्यांच्या, आत बसलेल्या बायापोरांची जबाबदारीही त्यांचीच. तिथे 'धास्ती' शोभतो.

धुळेकर: ताई, मग 'मुस्कटदाबी' कसं वाटतं? पेपरात सारखा असतो.

चोपड्याची लेक: दणदणीत शब्द, पण तोंड दाबणारा हात दिसावा लागतो. इथे तर २४ डिसेंबरला सिनेमा ऑनलाइन आला आणि नाताळला तीनशेहून जास्त थिएटरांत लागला. आठवडाभरात सुटलेली मुस्कटदाबी! (सिनेमा तसा बेताचाच आहे, हे जाता जाता.)

भुसावळचे नाना: मला याच्याही आधीचा टप्पा खटकतो. फुटलेल्या ई-मेलमधल्या मजकुरानुसार, हॅकिंग होण्याआधीच सोनीचे जपानी प्रमुख काझुओ हिराई यांनी किमच्या मृत्यूचं दृश्य सौम्य करायला लावलं होतं. पूर्वीही असं झालंय. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसमधला जर्मन सरकारचा वाणिज्यदूत गिसलिंग स्टुडिओंना धमकीची पत्रं धाडायचा, कारण जर्मनीची बाजारपेठ त्यांना हवी होती. पत्र आलं की कथेतून जर्मनीला झोंबणारं काही गळायचं. याला सरकारी मराठीत 'स्वयंनियंत्रण' म्हणतील. फार सोवळा शब्द! मी 'हात आखडणे' म्हणेन. आणि धुळेकर भाऊ, मथळ्यातून 'उत्तर कोरियाने' काढाच. हॅकिंगचा आरोप एफबीआयने केला, कोरियाने कानावर हात ठेवले. जूनमधला दम मात्र उघड होता.

धुळेकर: मग 'धमकीमुळे मागे घेतलेला चित्रपट'?

चोपड्याची लेक: 'धमकीपायी' करा. 'पावसामुळे पीक आलं' चालतं, 'पावसापायी पीक आलं' कुणी म्हणत नाही. पण 'दारूपायी शेत गेलं' म्हणतो. 'पायी' म्हटलं की काहीतरी गमावल्याचं आपोआप येतं.

धुळेकर: घेतला. 'धमकीपायी मागे घेतलेला चित्रपट'. उद्या सरांना दाखवतो.

भुसावळचे नाना: आणि टिपणात थिएटरवाले आणि सोनी वेगवेगळ्या वाक्यांत लिहा.