'पेशी कॅन्सर ओळखतायत' असा रिपोर्ट दाखवून उपचार विकणं बंद व्हायला हवं, तुम्हाला काय वाटतं?

कर्वेनगरकर
थेट मुद्द्यावर येतो. माझ्या मोठ्या काकांना जुनं हिपॅटायटिस बी होतं, त्यातून सिरॉसिस आणि मग लिव्हरचा कॅन्सर. गाठ रक्तवाहिनीत शिरलेली त्यामुळे ऑपरेशन नाही, ट्रान्सप्लांटही नाही. घरात सगळ्यांनी हातपाय गाळले होते, तेव्हा एका खासगी सेंटरनं रक्त तपासून एक रंगीत कागद हातात दिला, त्यात दोन गोल, एकात चार-पाच ठिपके आणि दुसऱ्यात ठिपकेच ठिपके. म्हणाले बघा, यांच्या टी-सेल्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लिव्हरच्या गाठीतल्या एएफपी नावाच्या प्रोटीनला ओळखतायत, शरीर लढायला तयार आहे, आपण रक्तातल्या पेशी बाहेर काढून त्यांना तयार करून परत सोडू. काकूनं तो कागद देवघरात ठेवला होता. पाटल्या मोडल्या, सहा इंजेक्शनं झाली. ठिपके वाढले आणि गाठही वाढली. काका दिवाळीच्या आधी गेले.

पेशी ओळखतात हा ओळखण्याचा पुरावा झाला, बरं होण्याचा नाही. ही टेस्ट पेशंटच्या घरच्यांना दाखवायलाच बंदी हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शी
काकांचं वाचून फार वाईट वाटलं. पण टेस्टवर राग काढू नका, मी पुण्यातच इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे आणि ते ठिपके रोज मोजते. प्लेटच्या एकेका खड्ड्यात पेशंटच्या दोन-तीन लाख पांढऱ्या पेशी टाकायच्या, सोबत एएफपी किंवा ग्लायपिकन-3 (हेही लिव्हर कॅन्सरच्या पेशींवर सापडणारं प्रोटीन) यांचे छोटे तुकडे, रात्रभर 37 डिग्रीला ठेवायचं. ज्या पेशीनं तुकडा ओळखून इंटरफेरॉन गॅमा हे इशाऱ्याचं रसायन सोडलं तिच्या जागी दुसऱ्या दिवशी एक निळसर ठिपका दिसतो. लाखोंतून ती एक पेशी सापडते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. आणि त्याला अर्थही आहे. जपानमध्ये ग्लायपिकन-3 च्या लसीची पहिली ट्रायल झाली, 2012 ला छापून आली, 33 पेशंट, त्यातल्या 30 जणांत पेशी जाग्या झाल्या आणि ज्यांच्यात जास्त जाग्या झाल्या ते जास्त जगले. हे लोकांपासून लपवायचं का?

कर्वेनगरकर
ताई, मी तीच ट्रायल वाचलीये. 30 जणांत पेशी जाग्या झाल्या, पण गाठ मोजण्याइतकी आकसली ती एकाची. आणि जास्त जगले ते पेशींमुळे जगले की मुळात तब्येतीनं धड होते म्हणून पेशीही जाग्या झाल्या, हे तुलनेला दुसरा गट नसताना कसं कळणार? देवघरातल्या त्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं.

ओपीडीतून
मी डॉक्टर आहे, रोज हेच पेशंट बघतो. दोघांचं अर्धं-अर्धं पटतं. लिव्हर हा मुळात सोसून घेणारा अवयव आहे, आतड्यातून जेवणाचे, जंतूंचे अंश घेऊन येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी तिथेच येतं, प्रत्येक गोष्टीवर तुटून पडायचं ठरवलं तर लिव्हरच शिल्लक राहणार नाही. त्यात एएफपी हे प्रोटीन आईच्या पोटात असताना आपलंच लिव्हर बनवत असतं, म्हणजे शरीराच्या लेखी ते घरचंच, त्यावर कडक हल्ला करतील अशा बऱ्याचशा पेशी थायमसमध्येच, म्हणजे टी-सेल्स घडतात त्या छातीतल्या ग्रंथीतच, बाद होतात. ज्या पेशी उरतात त्या गाठीपर्यंत पोचतात खऱ्या, पण वर्षानुवर्षं तेच तेच समोर असल्यानं थकतात, अंगावर पीडी-1 नावाचा ब्रेक चढतो. रक्तातली पेशी प्लेटमध्ये ठिपका देते, गाठीतली तिचीच बहीण गप्प बसलेली असते. म्हणून ठिपक्यांवरून उपचार ठरवत नाहीत.

पण 'ओळखून उपयोग नाही' हेही चूक. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधांची जोडी 2020 पासून वापरात आली, 501 पेशंटची मोठी ट्रायल होती, सोराफेनिब या आधीच्या औषधावर पेशंट साधारण 13.4 महिने जगले तर या जोडीवर 19.2, आणि दहातल्या तिघांच्या गाठी चांगल्या आकसल्या. अ‍ॅटेझोलिझुमॅब पेशींना काही शिकवत नाही, आधीपासून ओळखणाऱ्या पेशींचा ब्रेक तेवढा काढतं. ओळखणाऱ्या पेशीच नसत्या तर ते चाललंच नसतं.

काकांना ही जोडी दिली होती का? बेव्हॅसिझुमॅबनं रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ते देण्याआधी अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी करतात, ती झाली होती?

कर्वेनगरकर
नाही. या जोडीचं नावच आम्ही पहिल्यांदा ऐकलं ते काका पोटात पाणी होऊन अ‍ॅडमिट झाले तेव्हा, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता लिव्हरला ते झेपणार नाही. चार महिने आम्ही ठिपके मोजत बसलो होतो. माझा सगळा संताप तो आहे, पैशाचा नाही.

हडपसरची_लेक
माझं मत वेगळं आहे आणि मी ते मांडणार. बाबांना ही जोडीची औषधं दिली, लागू पडली नाहीत, नंतर आम्हीही अशा पेशींच्या उपचाराला गेलो. गॅरंटी नाही हे आम्हाला नीट माहीत होतं. बाबा रिटायर्ड शिक्षक, त्यांनी स्वतः सगळं वाचून सही केली, म्हणाले काहीच न करता नुसतं छताकडे बघत पडायचं नाहीये मला. गेले ते गेलेच, पण तो निर्णय त्यांचा होता. सरसकट बंदी घालून तुम्ही अशा माणसाच्या हातातून शेवटचा निर्णयही काढून घेताय.

कर्वेनगरकर
तुमच्या बाबांना आधी सिद्ध झालेलं औषध मिळालं होतं आणि सही करताना खरं काय ते माहीत होतं. माझ्या काकांच्या बाबतीत दोन्ही नाही. काका सातवी शिकलेले, फॉर्म इंग्रजीत.

सूक्ष्मदर्शी
इथे मी तुमच्या बाजूनं. 2024 मध्ये पेशंटच्या स्वतःच्या गाठीतल्या बदलांवरून बनवलेली डीएनए लस पेम्ब्रोलिझुमॅब या ब्रेक काढणाऱ्याच औषधासोबत देऊन बघितली, 36 पैकी 11 जणांच्या गाठी आकसल्या, तिघांच्या पूर्ण दिसेनाशा झाल्या. मला यातून खूप आशा आहे, आणि तरी तिथेही तुलनेचा गट नव्हता, म्हणजे लसीचा वाटा किती हे अजून ठरायचंय. अशी गोष्ट ट्रायलमध्येच हवी, पैसे घेऊन काउंटरवर नाही. कोणी पेशींचा उपचार सुचवला तर आधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी नंबर मागा, आणि देत नसतील तर उठून या.

ओपीडीतून
एक वेगळंच विचारतो, रागावू नका. काकांना हिपॅटायटिस बी होतं म्हणालात. हा व्हायरस बऱ्याचदा बाळंतपणात आईकडून येतो आणि घरातल्या जवळच्यांनाही लागू शकतो, त्यामुळे त्यांची सख्खी भावंडं, काकू, मुलं यांची एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झालीये का? पॉझिटिव्ह निघाले तर औषधं आहेत, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहे, निगेटिव्ह निघाले तर लस आहे. तैवाननं 1984 ला बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि तिथे मुलांमधला लिव्हर कॅन्सर खरंच कमी झाला.

कर्वेनगरकर
कोणीच नाही केलेली. आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

दाखवायलाच बंदी म्हणालो ते मागे घेतो. पण रिपोर्टवर मराठीत, ठळक, 'यावरून उपचार लागू पडेल असं सिद्ध होत नाही' हे छापायलाच हवं, यावरून मी हटणार नाही.

आत्ताच वडिलांशी बोललो, शनिवारी सकाळी वडील, आत्या, काकू, दोन्ही चुलतभाऊ आणि मी, सगळे एकत्र रक्त द्यायला जातोय. त्याला उपाशीपोटी लागतं का तेवढं सांगा.

ओपीडीतून
नाही, खाऊनपिऊन जा. आणि आत्यांच्या मुलांनाही घेऊन जा.